रांग सगळ्यांची, वस्तरा ज्याचा त्याचा



फौजेत ‘इंडेंट’ या शब्दाला एकच अर्थ असतो. भांडारातून काही हवं असेल तर भरायचा मागणीचा कागद. बूट हवेत, इंडेंट भरा. घोंगड्या हव्यात, इंडेंट भरा. त्यामुळे इथं चेन्नईला, आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझी मुलगी आणि जावई ‘इंडेंट’वरून तावातावानं भांडायला लागले तेव्हा मला वाटलं, ऑफिसात यांची काहीतरी मागणी अडकली असणार. मी विचारलं, “अगं, सही कुणाची राहिली आहे?” दोघंही माझ्याकडे बघतच राहिले.

जावई तमिळ आहे, मला त्यांच्या रीतीप्रमाणे मामा म्हणतो. तो म्हणाला, “मामा, सही नाही. टॅब की स्पेस, हा प्रश्न आहे.” आणि मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही यात पडू नका.”

बायकोच्या आणि बटालियनच्या भांडणात न पडण्याचं शहाणपण मला आहे. पण या भांडणात मी पडलो. वर्षभर पडून होतो म्हणा. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, मग ते पुण्यात असो, इंदूरला असो की बेळगावात, कोणी ना कोणी संगणकाचे प्रोग्राम लिहिणारं असेलच. पण त्यांच्यासाठीच हे बोलणं आहे असं नाही. जिथं चार माणसं मिळून काम करतात तिथं हे लागू पडतं.

आधी भांडण कशाचं ते समजून घेऊ.

निवृत्तीनंतर मी पायथॉन शिकायला घेतली. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा, नेदरलँड्सच्या गीडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली बाहेर आणलेली. एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा अभ्यासक्रम आहे, तो मी वही घेऊन पाहिला. मग म्हटलं, आता काहीतरी उपयोगाचं करू. चेन्नईत उन्हाळ्यात सोसायट्यांना पाण्याचे टँकर मागवावे लागतात. आमच्या वीस घरांच्या सोसायटीचा टँकरचा हिशेब मी प्रोग्रामवर घेतला. मराठीत सांगायचं तर तो असा होता:

प्रत्येक टँकरसाठी
    त्याची किंमत बेरजेत मिळव
बेरजेला वीसनं भागून प्रत्येक घराच्या नावावर चढव

दुसरी ओळ डावीकडून थोडी आत सरकली आहे, पाहिलंत? याला इंडेंटेशन म्हणतात. आत सरकलेली ओळ प्रत्येक टँकरसाठी पुन्हा पुन्हा चालते. न सरकलेली ओळ सगळं झाल्यावर एकदाच. चार टँकर, दोन हजारांचा एक, म्हणजे आठ हजार. वीस घरं. प्रत्येकी चारशे रुपये.

माझ्या हातून तिसरी ओळही आत सरकली. बस्, एवढंच झालं. आता प्रत्येक टँकरनंतर तोवरच्या बेरजेचा हिस्सा लोकांच्या नावावर चढत गेला. आधी शंभर, मग दोनशे, मग तीनशे, मग चारशे. एकूण हजार. चारशेच्या जागी हजार! संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला, “कर्नल साहेब, टँकर पाण्याचेच होते ना?”

चार रिकाम्या जागांनी एवढा घोळ घातला. मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. ‘उद्या मी नाही जाणार’ असं लिहा. आता तीच अक्षरं, फक्त मधली जागा हलवून, ‘उद्या मीनाही जाणार’. एकात मी घरी बसलो, दुसऱ्यात मीना निघाली. आणि आपल्या पूर्वजांनी तर ही जागा ठेवलीच नव्हती. इथून दक्षिणेला तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीतली मोडी कागदपत्रं आहेत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठं संपला, वाक्य कुठं संपलं, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं. लिहिणाऱ्याचा वेळ वाचायचा, वाचणाऱ्याचा जायचा. रिकामी जागा ही लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्यासाठी केलेली सोय आहे, हे तो कागद पाहिला की कळतं.

आता ओळ आत सरकवायची हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते कशानं सरकवायची यावर.

एक पक्ष म्हणतो, टॅबची कळ एकदा दाबा. ही कळ टाइपरायटरवरून आली, तक्ते मांडायला होती. दुसरा पक्ष म्हणतो, नाही, मोजून स्पेस द्या. पायथॉनची २००१ सालची नियमावली सांगते, चार स्पेस. लिनक्सची नियमावली सांगते, टॅबच आणि तोही आठ अक्षरांएवढा रुंद. त्यात वर हेही म्हटलं आहे की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर तुमच्या प्रोग्रामचीच मांडणी बिघडली आहे, ती सुधारा.

दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. टॅबची रुंदी ज्यानं त्यानं आपल्या पडद्यावर हवी तेवढी ठेवावी. माझ्यासारखा जाड भिंगवाला ती रुंद ठेवेल. ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचणाऱ्या अंध प्रोग्रामरला चार रिकाम्या खुणांऐवजी एकच खूण लागते. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. उलट स्पेसवाले म्हणतात, स्पेस सगळीकडे सारखीच दिसते. माझ्या पडद्यावर जे सरळ आहे ते तुझ्याही पडद्यावर सरळच दिसेल.

आणि दोन्ही मिसळले की मात्र गोंधळ. डोळ्यांना ओळी एका रेषेत दिसतात, यंत्राला दिसत नाहीत. म्हणून पायथॉनची तिसरी आवृत्ती अशी भेसळ दिसली की अडून बसते.

यातले काही नियम कसे जन्मले तेही ऐका. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. त्यात काही ओळींची सुरुवात टॅबनंच व्हायला हवी, स्पेस चालत नाही. हे गैरसोयीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांना त्रास नको म्हणून नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांची सोय जगभरचे प्रोग्रामर आजतागायत भोगत आहेत. फौजेत असताना असे हुकूम मी पाहिले आहेत. कुणी काढला, का काढला, कुणाला ठाऊक नाही, पण पाळायचा.

२०१७ साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळानं पाहणी केली, तर स्पेस वापरणाऱ्यांचे पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त निघाले. अनुभव, देश वगैरे सगळं जमेला धरूनही सुमारे ८.६ टक्के जास्त. जावयानं ही बातमी मुलीला दाखवली आणि दोन दिवस घरात शांतता होती. स्पेस दिल्यानं पगार वाढतो असं त्यातून सिद्ध होत नाही, हे दोघांनाही कळतं. पण भांडणात हाती येईल तो दगड उचलायचा असतो.

दुसरं भांडण एडिटरचं. प्रोग्राम ज्यात टाइप करायचा ते साधन म्हणजे एडिटर. यातले दोन जुने गट म्हणजे व्हीआय आणि ईमॅक्स. दोघांचाही जन्म १९७६चा.

व्हीआय लिहिला बर्कलीच्या बिल जॉय यांनी. त्या काळी ते घरून फोनच्या तारेवर काम करायचे, सेकंदाला तीसेक अक्षरं सरकणार. म्हणून हुकूम एकेका अक्षराचे. त्यांच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल या कळांवर छापलेले होते, म्हणून आजही तिथं त्याच कळांनी वर-खाली जातात. टर्मिनल गेलं, बाण गेले, बोटांची सवय राहिली. ईमॅक्स उभा राहिला एमआयटीत, रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून. त्यात हवं ते जोडत जाता येतं. लोक त्यात पत्रं वाचतात, दैनंदिनी ठेवतात. स्टॉलमन तर झगा घालून, डोक्यामागे तबकडीचं तेजोवलय लावून ‘ईमॅक्स पंथाचे संत’ म्हणून सभेत उभे राहायचे. गमतीनं, अर्थात.

व्हीआयच्या वंशातला व्हिम माझ्या मुलीचा आवडता. त्यात दोन अवस्था असतात, एक टाइप करायची आणि एक हुकूम द्यायची. नवखा माणूस हुकुमाच्या अवस्थेत टाइप करत बसतो आणि पडद्यावर भलतंच घडतं. ‘विश्राम’ असताना ‘सावधान’ समजून उभं राहिल्यासारखं. बाहेर कसं पडायचं हेही कळत नाही. २०१७पर्यंत ‘व्हिममधून बाहेर कसं पडू?’ हा एक प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर दहा लाखांवर वेळा उघडला गेला होता. त्यातली एक वेळ माझी नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही.

पण याच व्हिमची एक बाजू मला मुलीनं सांगितली. तो लिहिणारे ब्राम मूलेनार यांनी १९९१पासून तो फुकट दिला. वापरणाऱ्यांना एवढंच सांगितलं, की आवडला तर युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी मदत पाठवा. प्रोग्राम उघडला की ती विनंती समोर दिसते. २०२३च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्या दिवशी आमच्या ईमॅक्सवाल्या जावयानंही व्हिम उघडून ती विनंती वाचली आणि काही पैसे पाठवले. भांडणापलीकडे माणूस असतो तो असा.

इथवर गंमत झाली. आता जरा वेगळं सांगतो.

मुलीनं आधीच्या एका नोकरीत ग्राहकांना परतावा देण्याचं काम प्रोग्रामात बसवलं होतं. पद्धत अशी, की आपण लिहिलेलं सहकारी तपासतात आणि शेरे देतात. तिला एकतीस शेरे आले. जवळजवळ सगळे जागेवरून. इथं दोन स्पेस का, इथं ओळ का मोडली, कंस वरच्या ओळीत हवा. आठवडाभर दुरुस्त्या झाल्या. सगळ्यांचं समाधान झाल्यावर ते काम चालू झालं. दोन महिन्यांनी रविवारी रात्री अडीच वाजता फोन आला. काही ग्राहकांना परतावा दोनदा गेला होता. चूक त्याच पानावर होती. एकतीस शेऱ्यांत तिच्याबद्दल एकही नव्हता.

पोरगी मला म्हणाली, “बाबा, चूक माझीच होती. पण ते पान चार जणांनी वाचलं होतं ना?”

मी काय उत्तर देणार? माझा स्वतःचा इतिहास काही वेगळा नव्हता. कॅप्टन असताना मी एकदा तासभर बराकीची तपासणी केली. घोंगड्यांच्या घड्या एका रेषेत आहेत का, हे खाली वाकून पाहिलं. दोन जवानांना झापलं. पुढच्या आठवड्यात त्याच बराकीतले आठ जवान पोटाच्या त्रासानं आजारी पडले. पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं होतं. आमचे सुभेदार साहेब वयानं वडिलांसारखे. एवढंच म्हणाले, “साब, कंबल तो सीधे थे. पानी देखना रह गया.” ते वाक्य मला अजून टोचतं.

घोंगडीची घडी मला कळत होती, म्हणून मी तिथं रेंगाळलो. टाकी पाहायला शिडी चढावी लागली असती.

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५०च्या दशकातच यावर लिहिलं आहे. त्याच्या कल्पनेतल्या समितीपुढे एक कोटी पौंडांची अणुभट्टी येते आणि झटपट मंजूर होते, कारण ती कोणालाच कळत नाही. मग येते साडेतीनशे पौंडांची सायकलशेड. तिच्यावर मात्र सगळे तुटून पडतात, कारण छपराचा पत्रा प्रत्येकानं पाहिलेला असतो. प्रोग्रामरांच्या जगात अशा वादाला ‘बाइकशेडिंग’ हाच शब्द रुळला आहे. टॅब-स्पेस ही त्यांची सायकलशेड. परताव्याचा हिशेब समजून घ्यायला अर्धा दिवस लागतो. स्पेस मोजायला अर्धा मिनिट.

मग काय, जागेचा प्रश्न फालतू म्हणून सोडून द्यायचा? नाही. तसंही नाही, आणि याला पुरावा आहे.

२०१४च्या फेब्रुवारीत ॲपलला आपल्या आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तुमचा फोन बँकेच्या संगणकाशी बोलतो तेव्हा समोरची बँक खरी आहे ना, हे तो तिची डिजिटल सही पाहून तपासतो. त्या तपासणीच्या प्रोग्रामात एक ओळ चुकून दोनदा आली होती. मराठीत मांडतो:

जर आतापर्यंत गडबड आढळली, तर
    तपासणी सोडून बाहेर पड
    तपासणी सोडून बाहेर पड
आता सही तपास

दिसायला दोन्ही ओळी ‘जर’च्या पोटात आहेत. पण ही भाषा पायथॉन नव्हे, सी होती. सी भाषा रिकामी जागा पाहतच नाही. कंस नसतील तर ‘जर’चा अंमल फक्त पहिल्या ओळीवर. दुसरी ओळ ‘जर’ नसल्यासारखी दर वेळी चालायची. म्हणजे गडबड असो वा नसो, बाहेर पड. सही तपासायची ओळ आलीच नाही आणि निरोप मात्र गेला, सगळं ठीक आहे. गेटवरच्या पहारेकऱ्यानं ओळखपत्र न पाहताच सलाम ठोकावा, तसं. मधे बसलेला कोणीही आपणच बँक आहोत असं सांगू शकला असता.

रांग सरळ होती, पण खोटी होती. पुढे २०१६ साली सी भाषेच्या जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरमध्ये अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय आली.

तेव्हा आता हिशेब मांडू. मला वाटतं, ही दोन भांडणं आपण एकत्र बांधतो तिथंच चुकतो. ती वेगळी आहेत.

मी इथंच, सेंट थॉमस माउंटजवळच्या अकादमीत तयार झालो. त्या वेळी तिला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणत. पहाटे परेड मैदानावर ‘दाहिने सज’चा हुकूम व्हायचा. मान उजवीकडे, बारीक पावलांनी पुढे-मागे, सगळी रांग एका रेषेत. त्यात माझी आवड विचारली जात नव्हती, कारण रांग माझी नव्हती, सगळ्यांची होती. पण परेडच्या आधी मी दाढी कोणत्या वस्तऱ्यानं केली, हे कोणत्याही उस्तादानं कधी विचारलं नाही. दाढी झालेली हवी, एवढंच.

इंडेंटेशन ही रांग आहे. ती दुसऱ्याला वाचायची असते, म्हणून ती एकाच नियमानं हवी. एडिटर हा वस्तरा आहे. तो ज्याचा त्याचा. व्हिममध्ये लिहिलेली ओळ आणि ईमॅक्समध्ये लिहिलेली ओळ कागदावर सारखीच येते.

आणि रांगेचा नियम कोणता, यापेक्षा तो एकदाच ठरणं महत्त्वाचं. गूगलमधल्या मंडळींनी २००९ साली ‘गो’ ही भाषा बाहेर आणली. तिच्यासोबत एक साधन दिलं, गोफॉर्मट. तुम्ही कसंही लिहा, ते सगळं एका साच्यात बसवून देतं. टॅब वापरतं आणि त्यात तुमची आवड सांगायला जागाच ठेवलेली नाही. तो साचा कदाचित कोणाचाच लाडका नसेल, पण भांडण संपलं याचा आनंद सगळ्यांना आहे. पायथॉनसाठी २०१८पासून ‘ब्लॅक’ नावाचं तसंच साधन आहे.

आपणही हे केलं आहे. आजोबांची पत्रं काढून पाहा, अक्षराअक्षरावर अनुस्वार, उच्चारात नसलेले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी ते अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. वाद झाले, आजही होतात. पण नियम ठरल्यामुळे शाळेतल्या पोराला आणि छापखान्याला एक रस्ता मिळाला. नियम सर्वोत्तम होता की नाही, यावर मी इथं बोलणार नाही, नाहीतर तुम्ही निम्मे उठून जाल.

मुलीच्या आताच्या टीमनं असंच एक साधन लावलं. जागेचे शेरे बंद झाले. पहिले काही दिवस म्हणे लोकांना काय बोलावं सुचेना. मग कोणीतरी विचारलं, “हा परतावा मधेच फोन कटला तर दोनदा जाईल का?” हा खरा प्रश्न. तो विचारायला डोळे मोकळे असावे लागतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माझा टँकरचा प्रोग्राम ब्लॅकमधून काढला असता तरी हजाराचे चारशे झाले नसते. ते साधन रांग नीट करतं. ती ओळ आत हवी होती की बाहेर, हे त्याला कळत नाही. ते माणसानंच पाहायचं. घोंगड्या यंत्राला सरळ करू द्या, तुम्ही शिडी लावून टाकीत डोकावा.

आमच्या घरी टॅब-स्पेसचा वाद मिटला आहे. एडिटरचा चालू आहे आणि मी तो मिटवणार नाही. जावई फिल्टर कॉफी पितो, मुलगी चहा पिते. दोघंही सकाळी वेळेवर कामाला लागतात.

सोसायटीचे सहाशे-सहाशे रुपये मी परत वळते केले. यादी हातानं तपासून, दोनदा.

जय हिंद.